कुस्ती एकदाच होते

मुलांनो, खालापूर तालुक्यात चौकजवळ कलादिग्दर्शक नितीन देसाई यांनी २००५ साली उभारलेला स्टुडिओ तुम्हांला ठाऊक असेल. २००८ च्या ‘जोधा अकबर’ चित्रपटाचे चित्रीकरण तिथे झाले. अशा ठिकाणी नटाची तलवार चुकली, तर दिग्दर्शक म्हणतो, “पुन्हा!” आणि तीच लढाई पुन्हा होते. जत्रेतल्या कुस्तीचे तसे नाही. पैलवानाची पाठ मातीला लागली की कुस्ती संपली. “कॅमेरा तयार नव्हता, परत एकदा चीत हो,” असे त्याला कोण सांगणार?

खेळांवर माहितीपट काढणाऱ्या निर्मात्याचा सारा व्यवसाय या एका अडचणीभोवती फिरतो. माहितीपट म्हणजे खऱ्या माणसांचे आणि खऱ्या घटनांचे चित्रण. ते कसे दाखवायचे, हे दिग्दर्शक ठरवतो. निर्माता मात्र त्याच्या आधी कामाला लागतो. विषय निवडणे, पैसा उभा करणे, परवानग्या मिळवणे, माणसे जमवणे आणि शेवटी चित्रपट लोकांपर्यंत पोहोचवणे ही सगळी कामे त्याची.

आपल्या देशात हे काम सर्वांत आधी एका मराठी माणसाने केले. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर हे त्यांचे नाव. लोक त्यांना सावेदादा म्हणत. त्यांचा जन्म १८६८ चा. मुंबईत त्यांचा छायाचित्रांचा व्यवसाय होता. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात फ्रान्सच्या ल्युमिएर बंधूंची हलती चित्रे दाखवण्यात आली. ती पाहून सावेदादांच्या मनाने घेतले, की आपणही अशी चित्रे काढायची. त्यांनी इंग्लंडच्या रायली कंपनीकडून कॅमेरा मागवला. किंमत २१ गिनी! एक गिनी म्हणजे २१ शिलिंग. त्या वेळच्या पंधरा रुपयांना एक पौंड या भावाने हिशेब केला, तर सुमारे ३३० रुपये होतात. (करून पाहा. एका पौंडाचे शिलिंग २०.)

कॅमेरा आला. चित्र कशाचे काढायचे? सावेदादांनी कुस्ती निवडली. मला ही निवड फार शहाणपणाची वाटते. त्या चित्रांना आवाज नव्हता, आणि कुस्ती समजायला आवाज लागतच नाही. १८९९ साली त्यांनी मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्ये पुंडलिक दादा आणि कृष्णा न्हावी या दोन पैलवानांची कुस्ती घडवून आणली आणि तिचे चित्रण केले. त्या काळी कॅमेऱ्यातली फिल्म आखूड असे. मिनिटा-दोन मिनिटांत संपून जाई. म्हणजे हँडल केव्हा फिरवायचे, हे नेमके साधावे लागे. बरे, चित्र नीट आले की नाही हे लगेच कळण्याची सोयही नव्हती. फिल्म धुण्यासाठी जहाजाने लंडनला पाठवावी लागली.

इथे भाषेची एक गंमत सांगतो. कुस्ती, पैलवान, वस्ताद हे शब्द आपल्या उर्दूतल्या कुश्ती, पहलवान, उस्ताद यांचे सख्खे भाऊ आहेत. ‘तालीम’ हा शब्द आपण शिक्षणासाठी वापरतो. मराठीत मात्र पैलवान जिथे घाम गाळतात, त्या जागेलाही तालीम म्हणतात!

पुढे १९०१ मध्ये केंब्रिजहून गणितात मोठे यश मिळवून परतलेल्या र. पु. परांजपे यांच्या स्वागताचे चित्रणही सावेदादांनी केले. तेही एकदाच घडणारे. दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ चा. म्हणजे आपल्याकडे कथाचित्रपटाच्या कितीतरी आधी कुस्तीचा माहितीपट आला.

संधी हातची जाते म्हणजे काय, हे मी स्वतः अनुभवले आहे. आमच्या शाळेच्या मुलींचा खो-खोचा अंतिम सामना होता. चित्रणाची जबाबदारी माझी. शेवटची दोन मिनिटे उरली आणि मोबाईलवर सूचना आली : जागा शिल्लक नाही. भाच्याच्या निकाहची सगळी चित्रणे आत तशीच होती. ती पुसत बसलो, तेवढ्यात आमच्या मुलीने शेवटचा गडी बाद केला. ती धावत आली. “सर, माझं आलं ना त्यात?” मला उत्तर देता आले नाही.

आजच्या निर्मात्यापुढे आणखी प्रश्न असतात. सचिन तेंडुलकरवरचा ‘सचिन : अ बिलियन ड्रीम्स’ हा चित्रपट २०१७ साली आला. रवी भागचंदका हे त्याचे एक निर्माते. त्यात तेंडुलकर कुटुंबाने घरी काढलेली जुनी चित्रणेही आहेत. अशी चित्रणे मिळवायला कुटुंबाचा विश्वास लागतो. जुन्या सामन्यांचे चित्रण हवे असेल, तर हक्क ज्याच्याकडे त्याची लेखी परवानगी घ्यावी लागते आणि बहुधा मोबदलाही द्यावा लागतो. त्यामुळे या व्यवसायात हिशेब आणि करारपत्र समजणाऱ्या माणसाला मोल आहे. वाणिज्य शाखेच्या मुलांनी हे लक्षात ठेवावे. चित्रपटाचे शिक्षण घ्यायचे असेल, तर पुण्यात १९६० पासून सरकारी चित्रपट संस्था आहे. पण पुष्कळजण आधी कोणाच्या तरी हाताखाली सामान उचलत, नोंदी ठेवत हे काम शिकतात.

यंदा तुमच्या गावच्या जत्रेत कुस्त्या लागल्या, तर एक माहितीपट करून पाहा. आदल्या दिवशी तालमीत जा. पैलवानाची आणि वस्तादांची परवानगी घ्या. सूर्य कोणत्या बाजूला असेल ते पाहून उभे राहण्याची जागा ठरवा. आणि हो, मोबाईल आधीच रिकामा करून ठेवा.