कोरडवाहूचा शास्त्रज्ञ आणि आमची चार एकर

सोलापूरच्या माणसाला मालदांडीची भाकरी माहीत आहे; पण एन. व्ही. कानिटकर हे नाव कृषी खात्याबाहेर कोणी सांगणार नाही. ऊस आणि साखर कारखान्यांच्या या जिल्ह्यात कोरडवाहूच्या शास्त्रज्ञाची आठवण कोण काढणार?

मुंबई प्रांतात कोरडवाहू शेतीचे संशोधन १९२३ साली पुण्याजवळ मांजरीला सुरू झाले. व्ही. ए. ताम्हणे यांनी पाया घातला, कानिटकरांनी काम पुढे नेले. १९३३ साली सोलापूर आणि विजापूरला संशोधन केंद्रे निघाली. प्रश्न साधा होता. कालवा नाही, विहीर नाही. मग पडेल तो पाऊस जमिनीतच कसा धरायचा? बांध घाला, तीन वर्षांतून एकदा खोल नांगरट करा, पेरणीआधी कुळवाच्या पाळ्या द्या, शेणखत टाका, बियाणे कमी वापरा, दोन ओळींत दीड फूट अंतर ठेवा आणि कोळपण्या चुकवू नका. काळी जमीन भेगाळली की ओल उडून जाते. कोळपणीने भेगा बुजतात. १९४४ साली त्यांचा ‘ड्राय फार्मिंग इन इंडिया’ हा ग्रंथ आला. १९३०च्या दशकात मोहोळला गावरान मालदांडीतून निवडलेला ३५-१ हा वाण तर आजही रब्बीत पेरला जातो. (ते गावरान बी पिढ्यान्‌पिढ्या कोणाच्या हातांनी राखले, हेही कोणी लिहिले पाहिजे.)

आडनाव पाहून काही बांधव नाक मुरडतील. मुरडू द्या. हे शास्त्र आम्हाला हवे आहे, आणि त्याला कारण आहे.

कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांच्या नावाने २००४ साली सबळीकरण व स्वाभिमान योजना आली. दारिद्र्यरेषेखालील भूमिहीन अनुसूचित जाती व नवबौद्ध कुटुंबाला चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत. सोलापुरात जिरायत म्हणजे कानिटकरांचेच शेत! सातबाऱ्यावर नाव चढते, पेढे वाटले जातात. पण बांध कोण घालणार? बैलजोडी कुठे आहे? भाड्याचा कुळव मिळेपर्यंत वाफसा निघून जातो. मग दोन-तीन हंगामांत तोच मालक झालेला माणूस पुन्हा ऊसतोडीला निघतो.

बाबासाहेबांनी १९१८ साली लहान शेतजमिनींवरच्या आपल्या निबंधात दाखवून दिले होते, की शेत परवडते की नाही हे एकरांवर ठरत नाही. त्या जमिनीला भांडवल आणि अवजारांची जोड किती आहे, यावर ठरते. आमच्या मोर्चांच्या निवेदनांत मात्र अजून एकरच मोजले जातात. यापुढच्या निवेदनात जमिनीच्या आदेशाबरोबरच बांधबंदिस्ती, बैलजोडी आणि पहिल्या दोन रब्बी हंगामांचा खर्च लेखी मागितला जावा.