सायकलीचा पल्ला आणि विश्रांतीचे गणित

सायकल चालविता येणे ही एक गोष्ट आहे, आणि सायकलीने रोजचा ठराविक पल्ला वर्षभर सुखाने गाठता येणे ही दुसरी. पहिली गोष्ट लहानपणी दोन-चारदा गुडघे फोडून घेतले की साधते. दुसरी पुष्कळांना साधत नाही. एखाद्या रविवारी सायकल पुसून, साखळीला तेल घालून बाहेर काढावी, उत्साहाच्या भरात पंधरा-वीस किलोमीटरची रपेट करावी, मंगळवारी जिना उतरताना मांड्यांनी असहकार पुकारावा आणि पुढच्या रविवारी सायकल पुन्हा भिंतीला टेकून उभी राहावी, हा क्रम अनेक घरांतून पाहावयास मिळतो. ह्यात दोष ना सायकलीचा, ना पायांचा. चुकते ते गणित, आणि ते गणित फारसे अवघड नाही.

हा प्रश्न केवळ हौशी मंडळींचा असता तर त्यावर वेळ खर्च करण्याचे कारण नव्हते. परंतु बुऱ्हाणपुरासारख्या गावात सायकल हे अजूनही पोटापाण्याचे व शिक्षणाचे वाहन आहे. यंत्रमागावर उभ्याने पाळी करून घरी परतणारा कामगार सायकलीवर असतो. दुसऱ्या गावच्या सरकारी शाळेत जाणाऱ्या सहावीच्या व नववीच्या मुलामुलींना मध्यप्रदेश शासनाकडून सायकली मिळतात. कालपर्यंत कधी सायकलीने लांब न गेलेली मुलगी एकदम रोज आठ-दहा किलोमीटर जाऊ-येऊ लागते. पहिल्या पंधरवड्यात तिचे पाय ठणकले, बैठकीला घट्टे पडले, आणि घरच्यांनी ‘तुला झेपणार नाही’ असे म्हटले, की त्या सायकलीबरोबर कधीकधी शाळाही सुटते. म्हणून पहिल्या काही आठवड्यांतील दुखण्याचा अर्थ नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

श्रमाने पाय जड झाले की आपण ‘पाय आंबले’ असे म्हणतो. गंमत अशी, की विज्ञानानेही पुष्कळ काळ हेच निदान मानले होते. स्नायूंत लॅक्टिक आम्ल साचते आणि त्यामुळे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंग दुखते, असे शाळाशाळांतून शिकविले जात असे. ही समजूत आता मागे पडली आहे. श्रमाच्या वेळी रक्तात वाढलेले लॅक्टिक आम्ल श्रम थांबल्यावर साधारण तासाभरात निवळते. मग उद्या-परवाच्या दुखण्याचा दोष त्याच्यावर कसा ठेवावा? सवय नसलेल्या श्रमाने स्नायूंच्या तंतूंना अतिसूक्ष्म इजा होते, त्यांच्या दुरुस्तीचे काम शरीर हाती घेते, आणि ह्या दुरुस्तीच्या काळात तो भाग हुळहुळा होतो. म्हणूनच हे दुखणे लगेच न येता दुसऱ्या दिवशी सुरू होते, एक ते तीन दिवसांत कळसाला पोहोचते आणि आपोआप ओसरते. ह्या उशिरा येणाऱ्या दुखण्याचे वर्णन थिओडोर हफ ह्या शास्त्रज्ञाने 1902 सालीच करून ठेविले आहे.

ह्यातील आशेची बाजू अशी, की दुरुस्त झालेला स्नायू तेवढ्याच श्रमाला पुढच्या खेपेस कमी कुरकुरतो. पहिल्या आठवड्यात जे अंतर जिवावर येते, तेच तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात जाणवतही नाही. मात्र दुरुस्तीला अवसर मिळाला पाहिजे. पाय बळकट होतात ते पायडल मारताना नव्हे; पायडल मारून झाल्यावर, जेवताना आणि झोपेत. आजच्या विवेचनाचे सार ह्या एका वाक्यात आहे.

आता दुसरी गोष्ट. शरीराचे सगळे भाग एकाच वेगाने तयार होत नाहीत. दम, म्हणजे हृदय व फुप्फुसे ह्यांची ताकद, काही आठवड्यांतच सुधारलेली जाणवते. स्नायू त्यांच्या मागोमाग येतात. परंतु स्नायूंना हाडांशी जोडणाऱ्या ज्या कंडरा असतात, त्यांना रक्ताचा पुरवठा कमी, म्हणून त्या तयार होण्यास महिने लागतात. गुडघ्याच्या वाटीखालची कंडरा आणि टाचेमागची शीर ही त्याची उदाहरणे. महिनाभराने दम वाढलेला असतो, मांड्या दुखत नसतात, आणि माणसाला वाटते, आता वाटेल तितके जावे. नेमका हाच धोक्याचा काळ. मन आणि दम ‘चल’ म्हणतात, तेव्हा कंडरेचे मत कोणी विचारीत नाही. आणि मग ती गुडघेदुखीच्या रूपाने ते कळविते.

तिसरी गोष्ट इंधनाची. लालबागेकडील आपला कुंडी भांडारा श्रोत्यांच्या परिचयाचा आहे. जहांगीराच्या काळी, 1615 साली बांधलेल्या ह्या योजनेत सातपुड्याच्या पायथ्याशी झिरपणारे पाणी भुयारातून एका कुंडीतून दुसऱ्या कुंडीत वाहते. तेथे पाण्याची कमतरता नाही. पण झिरपण्याचा एक वेग आहे, आणि उपसा त्याहून अधिक झाला तर कुंडीचा तळ दिसू लागेल. स्नायूंतील साखरेच्या साठ्याचे, ज्याला ग्लायकोजेन म्हणतात त्याचे, असेच आहे. लांबच्या रपेटीत तो बराच उपसला जातो आणि पोटभर भात-भाकरी खाल्ली तरी पूर्ववत भरण्यास सुमारे एक दिवस लागतो. साठा भरण्यापूर्वीच दुसरी मोठी रपेट काढली, तर दुखणे नसतानाही पायांत जीव राहत नाही.

ह्या तिन्ही गोष्टी ध्यानात ठेवून तेरा आठवड्यांचा एक आराखडा सांगता येईल. पहिल्या आठवड्यात पाच दिवस, रोज 5 किलोमीटर, म्हणजे एकूण 25 किलोमीटर. सलग तीन दिवसांपेक्षा अधिक जाऊ नये. पुढील दोन आठवड्यांत एकूण अंतर 28 आणि 31 करावे. चौथा आठवडा विसाव्याचा. त्यात फक्त 20. पुन्हा तीन आठवडे 34, 38 व 42, आणि आठव्यात 28. मग 46, 50 व 55, आणि बाराव्यात 37. तेराव्या आठवड्यात 60. वाढ दर वेळी साधारण दहाव्या हिश्श्याची आहे आणि दर चौथ्या आठवड्यात अंतर सुमारे दोन-तृतीयांशावर उतरते. दहाव्या हिश्श्याचा हा नियम म्हणजे गणितातील सिद्धांत नव्हे, अनुभवाचा ठोकताळा आहे. वय, आदले काम, झोप ह्यांप्रमाणे तो कमीअधिक करावा. बारा तास मागावर उभे राहणाऱ्याचे पाय सायकलीवर बसण्यापूर्वीच अर्धे थकलेले असतात. त्याने ह्याहून सावकाश जावे.

आठवड्याचे 60 किलोमीटर म्हणजे पाच दिवस रोज 12. शाळा, कचेरी, बाजार ह्यांना एवढे पुष्कळ झाले. ज्यांना हौस आहे त्यांनी शेवटच्या चढत्या तीन आठवड्यांत एक दिवस लांबचा ठेवून तो 20, 25, 30 असा वाढवावा व बाकीचे दिवस तेवढेच लहान करावेत. मग तेराव्या रविवारी असीरगड गाठावा. गाव ते गडाचा पायथा सुमारे 20 किलोमीटर, जाऊन-येऊन 40. इंदूर-इच्छापूर मार्गावर मालमोटारींची वर्दळ फार, म्हणून उजाडताच निघावे, डाव्या कडेने एकामागे एक जावे, आणि गडाचा चढ पायीच चढावा. बादशहा अकबराच्या फौजेलाही हा किल्ला घेण्यास अनेक महिने लागले आणि 1601 सालच्या जानेवारीत तो हाती आला. आपण तीन महिने घेतले तर त्यात कमीपणा नाही.

वेग किती असावा? शेजारच्या सायकलस्वाराशी पूर्ण वाक्यात बोलता आले पाहिजे, इतका. वाक्य तुटू लागले की वेग अधिक झाला असे समजावे. जड दाबून सावकाश पायडल मारण्यापेक्षा हलके आणि भराभर मारावे. गुडघ्यांवरील भार त्याने कमी होतो.

काही दुखणी शरीराची नसून सायकलीची असतात. सीट फार खाली असली की गुडघा पुढून दुखतो. फार वर असली की मागून. एक सोपी परीक्षा अशी: सीटवर बसून टाच पायडलवर ठेवावी आणि पायडल सर्वांत खाली न्यावे. त्या वेळी पाय सरळ झाला पाहिजे. मग चवडा ठेवून चालविताना गुडघ्यात किंचित बाक राहतो, आणि तो तसाच हवा. शाळकरी मुलांच्या बाबतीत ही परीक्षा दर चार-सहा महिन्यांनी करावी, कारण मूल वाढते, सीट वाढत नाही. हातांना मुंग्या येत असतील तर हँडलवर भार टाकून वाकू नये, पकड अधूनमधून बदलावी. बैठकीचे दुखणे पहिल्या दोन-तीन आठवड्यांत बहुधा कमी होते. शिवणी बोचणार नाहीत असे कोरडे, स्वच्छ कपडे घालावेत. फार मऊ, जाड गादीचे कव्हर आरामशीर वाटले तरी लांबच्या पल्ल्यात घासते. त्वचा सोलवटली किंवा गळू आले, तर ते बरे होईपर्यंत सायकल बंद.

मग कोणते दुखणे सोसावे आणि कोणत्याला मान द्यावा? दोन्ही मांड्यांत किंवा पोटऱ्यांत पसरलेले, बोथट, हालचालीने हलके होणारे आणि तीन-चार दिवसांत जाणारे दुखणे निरुपद्रवी होय. त्या दिवशी अगदीच लोळत न पडता पाच-दहा मिनिटे हलकेच सायकल चालवावी किंवा चालावे, बरे वाटते. याउलट एकाच बाजूला, सांध्यात, बोट ठेवून दाखविता येईल असे टोचणारे, दर खेपेस वाढणारे किंवा सूज आणणारे दुखणे म्हणजे थांबण्याची आज्ञा. छातीत दाब, विचित्र धाप किंवा भोवळ आल्यास त्याच क्षणी उतरावे व डॉक्टर गाठावा. अतिश्रमानंतर स्नायू फार सुजले आणि लघवी चहासारखी काळपट झाली, तर तासाचाही विलंब न करता रुग्णालयात जावे; तेथे मूत्रपिंडाला धोका असतो. चाळिशी उलटलेल्यांनी, मधुमेह वा रक्तदाब असणाऱ्यांनी आरंभापूर्वीच डॉक्टरांचा सल्ला घेतलेला बरा.

उपायांच्या बाबतीत आपल्याकडे तेल, मलम आणि गोळी ह्यांवर फार विश्वास. कोमट तेलाने चोळून घेतल्यास बरे वाटते, खुशाल घ्यावे. हातपाय ताणण्याचे व्यायाम वाईट नाहीत. पण अनेक प्रयोगांचा एकत्रित आढावा 2011 साली घेतला गेला, त्यात ह्या व्यायामांनी नंतरचे दुखणे फारसे कमी होत नाही असे आढळले. वेदनाशामक गोळी घेऊन सायकलीवर बसणे मात्र अनिष्ट. ती इशारा दाबून टाकते, आणि घामाने शरीर कोरडे पडले असता मूत्रपिंडांवर भार टाकते. खरे औषध म्हणजे सात-आठ तासांची झोप. त्यानंतर जेवण: भाकरी किंवा भात, त्याबरोबर डाळ, दूध, अंडे अथवा मासळी. वाटेत खाण्यासाठी आपल्या जिल्ह्यात केळ्यासारखे दुसरे काय शोधावयाचे? तासाभराहून लांबच्या रपेटीत एक-दोन केळी पुरेत. मावा-जिलेबी परत आल्यावर.

उन्हाचे भान हवे. एप्रिल-मे महिन्यांत तापीच्या खोऱ्यात उन्हाळा कडक असतो. त्या दिवसांत सूर्य वर येण्यापूर्वीच घरी यावे, पाण्यात चिमूटभर मीठ, साखर व लिंबू घालून घोट-घोट प्यावे, आणि पल्ला वाढविण्याचा आराखडा तेवढ्यापुरता थांबवावा. वाढवावयाचे ते पावसाळा सरल्यावर.

हे सारे दुबळ्यांचे पथ्य आहे असे कोणी म्हणेल. पण जगातील बळकटांची रीतही हीच आहे. नागपूरचे डॉ. अमित समर्थ ह्यांनी 2017 साली अमेरिका खंड ह्या किनाऱ्यापासून त्या किनाऱ्यापर्यंत, सुमारे 4,800 किलोमीटर, एकट्याने सायकलीवर बारा दिवसांच्या मुदतीत ओलांडले. 2018 साली त्यांनी मॉस्को ते व्लादिवोस्तोक ही नऊ हजार किलोमीटरांहून लांब शर्यत पूर्ण केली. ती पंधरा टप्प्यांची होती, आणि टप्प्याटप्प्यांमध्ये विसावा होता. फ्रान्सच्या विख्यात शर्यतीत एकवीस टप्पे असतात आणि तेवीस दिवस. दोन दिवस निव्वळ विश्रांतीचे. लांब पल्ल्याच्या हौशी सायकलस्वारांसाठी ब्रेव्हे नावाच्या ज्या फेऱ्या महाराष्ट्रातही भरतात, त्याही 200, 300, 400 व 600 किलोमीटर अशा चढत्या पायऱ्यांच्या असतात. थोरांची पायरी उंच, आपली ठेंगणी. चढण्याची पद्धत एकच.

सहा दिवस काम आणि सातवा दिवस विश्रांतीचा, ही आज्ञा पवित्र शास्त्रात माणसाबरोबर गुराढोरांसाठीही सांगितलेली आहे. आपले पाय हे आपले सर्वांत इमानी जनावर. तेव्हा आज संध्याकाळी सीटची उंची तपासा, एका वहीत तारीख, अंतर आणि दुसऱ्या दिवशीचे दुखणे असे तीन रकाने आखा, आणि उद्या सकाळी पाच किलोमीटर जाऊन या; सहावा मोहात पाडील, तो पुढच्या आठवड्यासाठी राखून ठेवा.