गुहावासी आणि गुहाचर : एका बेडकाच्या आहाराविषयी

‘वस्’ म्हणजे राहणे आणि ‘चर्’ म्हणजे हिंडणे; परंतु मराठीत ‘चरणे’ म्हणजे हिंडून खाणे. हा भेद केवळ वैयाकरणांच्या कामाचा आहे असे नव्हे. प्वेर्तो रिको या उष्णकटिबंधीय बेटावरील ‘ग्वाहोन’ नावाचा बेडूक पाहिला म्हणजे प्राणिशास्त्रीय परिभाषेतही तो किती आवश्यक आहे हे ध्यानात येते.

चॅपमन ग्रँट यांनी १९३२ साली वर्णिलेल्या या जातीचे शास्त्रीय नाव एल्यूथेरोडॅक्टिलस कुकी असे आहे. बेटाच्या आग्नेय भागात ओढ्यांकाठी प्रचंड शिळा एकमेकींवर रचल्या जाऊन ज्या कपारी व गुहा बनतात, त्यांत तो राहतो. तेथील लोक त्या शिळागुहांना ‘ग्वाहोनालेस’ असे म्हणतात.  अंडी कपारीतच घातली जातात, नर त्यांची राखण करतो, आणि डिंभावस्था न येता अंड्यांतून थेट चिमुकले बेडूक बाहेर पडतात. तेव्हा तो गुहावासी खराच.

आहाराची गोष्ट मात्र निराळी आहे. जेथे सूर्यप्रकाश नाही तेथे हिरवी वनस्पती नाही. म्हणून गुहेतील अन्न बहुधा बाहेरूनच येते. वाहत आलेला पालापाचोळा किंवा वटवाघळांची विष्ठा यांवर कीटक जगतात, आणि कीटकांवर मोठे प्राणी. ग्वाहोनचे भक्ष्य म्हणजे कीटक, कोळी इत्यादी लहान जीव. ते तो कपारींच्या आसपासच्या, शेवाळाने व नेच्यांनी झाकलेल्या खडकांवरही शोधतो.

या भेदाचे महत्त्व व्यावहारिकही आहे. अमेरिकी संघराज्याने १९९७ साली या जातीस कायद्याचे संरक्षण दिले. २००७ साली तिचे आवश्यक अधिवास ठरविताना केवळ गुहा मोजल्या नाहीत. ओढ्याच्या दोन्ही काठांवरील, जास्तीत जास्त सुमारे ३० मीटरपर्यंतचे वनस्पतींनी आच्छादलेले खडकही भक्ष्यस्थान म्हणून त्यांत धरले. गुहा राखली आणि भोवतीचे रान तोडले, तर घर उरेल, पण चरण्याची जागा उरणार नाही.

म्हणून ‘गुहाचर’ ही संज्ञा जे प्राणी गुहेतच आपला सर्व निर्वाह करतात त्यांच्यासाठी राखून ठेवावी, आणि ग्वाहोनसारख्यांस ‘गुहावासी’च म्हणावे, हे बरे.