एक दिवस गाडीविना



दरवर्षी २२ सप्टेंबर हा दिवस जगातील अनेक शहरांत ‘मोटारमुक्त दिन’ म्हणून पाळला जातो. त्या दिवशी शहराचा ठरावीक भाग मोटारींना बंद असतो. लोक पायी, सायकलने किंवा बसने कामाला जातात. अशी बातमी वाचली की आपल्याकडे एक उत्तर ठरलेले असते, “परदेशात ठीक आहे हो, बेळगावात कसं जमणार?”

वास्तविक बेळगावात ते दरवर्षी जमते. अनंत चतुर्दशीची विसर्जन मिरवणूक आणि शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक आठवून पाहा. मारुती गल्ली, रामदेव गल्ली, समादेवी गल्ली या एरवी पाय ठेवायला जागा नसलेल्या रस्त्यांवरून वाहतूक वळवली जाते. मुले वडिलांच्या खांद्यावर बसतात, आजीबाई पायरीवर सतरंजी टाकून बसतात आणि गाडी लांब लावून चालत यावे लागले म्हणून कोणी कुरकुर करत नाही. (डॉल्बीच्या आवाजाचा विषय वेगळा आहे, त्यावर पुन्हा केव्हातरी लिहू.) हीच सवय रोज शाळेला येणाऱ्या मुलांच्या कामी आणता येईल का, हे आम्हाला या लेखात पाहायचे आहे.

मोटारमुक्त दिवसांची सुरुवात प्रदूषणामुळे झाली नाही. १९७३ साली अरब देशांनी तेलपुरवठा रोखला, तेव्हा नेदरलँड्समध्ये इंधन वाचवण्यासाठी ४ नोव्हेंबरपासून रविवारी मोटारी बंद ठेवण्यात आल्या. मोकळ्या महामार्गावर मुले चाकांचे बूट घालून खेळली. पुढच्याच वर्षी, १५ डिसेंबर १९७४ रोजी, कोलंबिया देशातील बोगोटा शहरात काही रस्ते सायकलस्वारांसाठी मोकळे केले गेले. आज तेथे दर रविवारी आणि सुटीच्या दिवशी सकाळी ७ ते दुपारी २ पर्यंत १२० किलोमीटरहून अधिक रस्ते मोटारींना बंद असतात. फ्रान्समधील ला रोशेल शहराने १९९७ साली मोटारमुक्त दिवस पाळला आणि २००० पासून २२ सप्टेंबर ही तारीख युरोपभर रूढ झाली. त्याच वर्षी बोगोटाने कामाच्या दिवशी असा प्रयोग केला आणि नंतर सार्वमत घेतले. लोकांनी तो दरवर्षी करावा असा कौल दिला. श्रीमंत देशाचेच हे चोचले आहेत असे म्हणणाऱ्यांनी बोगोटाचे उदाहरण जरूर लक्षात घ्यावे.

आता प्रदूषणाकडे वळू. गाडीच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड, नायट्रोजनचे ऑक्साइड आणि अतिसूक्ष्म कण असतात. यांतील २.५ मायक्रॉनपेक्षा लहान कण सर्वांत वाईट. आपल्या डोक्याचा केस त्याच्या वीस-पंचवीस पट जाड असतो! हे कण नाकात अडकत नाहीत, थेट फुप्फुसाच्या तळापर्यंत जातात. भारतात वर्षभराच्या सरासरीसाठी घनमीटर हवेत ४० मायक्रोग्रॅम ही मर्यादा आहे, तर जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये ५ मायक्रोग्रॅमची शिफारस केली. १ एप्रिल २०२० पासून नव्या गाड्या बीएस-६ मानकाच्या आल्या हे खरे, परंतु जुन्या गाड्या रस्त्यावर आहेतच. शिवाय ब्रेक आणि टायर झिजून उडणारी भुकटी विजेच्या गाडीतूनही निघते. कोंडीत गाडी एका जागी घुरघुरत उभी राहते, तेव्हा इंधन जळते आणि अंतर शून्य कापले जाते. त्या वेळी पहिली-दुसरीतल्या मुलाचे नाक मोटारीच्या धुराड्यापासून किती उंचीवर असते, हे पालकांनी एकदा जरूर पाहावे.

एका दिवसाने हवा कायमची स्वच्छ होत नाही, हेही सांगितले पाहिजे. पॅरिसने २७ सप्टेंबर २०१५ रोजी मध्यभागात मोटारी बंद केल्या, तेव्हा काही ठिकाणी नायट्रोजन डायऑक्साइड ४० टक्क्यांपर्यंत कमी आढळला. दुसऱ्या दिवशी गाड्या परतल्या तसा धूरही परतला. मग उपयोग काय? एक तर फरक मोजता येतो, आणि दुसरे म्हणजे लोकांना तो रस्ता वेगळ्या रूपात बघायला मिळतो.

जवळचे उदाहरण पुण्याचे आहे. पुणे महानगरपालिकेने ११ डिसेंबर हा ‘पादचारी दिन’ ठरवला आणि २०२१ मध्ये लक्ष्मी रस्त्याचा नगरकर तालीम चौक ते गरुड गणपती चौक हा भाग वाहनांना बंद केला. लक्ष्मी रस्ता म्हणजे आपल्या गणपत गल्ली-खडेबाजारचा थोरला भाऊ. दोन्ही बाजूंना कापडाची आणि सराफांची दुकाने, मध्ये दुचाकींची रांग. त्या दिवशी रस्त्याच्या मधोमध लोक निवांत फिरले आणि पुढील वर्षांतही हा उपक्रम झाला. आपल्या राज्यातही फेब्रुवारी २०१८ पासून बेंगळुरात दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी ‘विरळ संचार दिन’ पाळण्याचे ठरले होते. मात्र तेथे रस्ता बंद नव्हता, ‘आज गाडी काढू नका’ असे आवाहन होते. रविवारी रहदारी तशीही कमीच असते! आमच्या मते नुसत्या आवाहनापेक्षा एक छोटा रस्ता खरोखर बंद करणे अधिक उपयोगाचे.

माथेरानला तर बारा महिने मोटारींना बंदी आहे. गाड्या दस्तुरी नाक्यावर थांबतात, पुढे पायी किंवा घोड्यावर. परंतु तेथे माणसांनी ओढायच्या रिक्षाही वर्षानुवर्षे चालत आल्या, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला त्या सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश द्यावा लागला. मोटार बंद केली की तिचे ओझे कोणाच्या खांद्यावर जाते, हेही पाहावे लागते.

आपल्या भागात हा प्रश्न खास आहे. शाळेत कंग्राळी, येळ्ळूर, उचगाव अशा गावांतून मुले येतात. कोणी बसने, कोणी वडापने, कोणी बाबांच्या गाडीवर. निपाणीसारख्या गावात तर साखर कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की उसाच्या ट्रॉल्या रस्त्यावर असतात, त्या शेतकऱ्याला ‘आज मोटारमुक्त दिन आहे’ असे सांगून चालणार नाही. म्हणून सगळे शहर बंद करण्याची भाषा आम्ही करत नाही.

सायकल मात्र बेळगावला परकी नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या उद्योगाची सुरुवात १८८८ साली बेळगावातील सायकलच्या दुकानातून झाली. नांगर आणि कडबा कापायचे यंत्र पुढे आले, कारखाना १९१० मध्ये किर्लोस्करवाडीला गेला, आपल्याकडे किर्लोस्कर रोड उरला. सरकारी व अनुदानित शाळांतील आठवीच्या मुलामुलींना २००६-०७ पासून बरीच वर्षे सरकारी सायकली मिळाल्या, त्यातल्या कित्येक आज गोठ्यात गंजत पडल्या असतील. दुसरीकडे अठरा वर्षांखालील मुले स्कूटी घेऊन शिकवणीला जातात. २०१९ च्या कायदादुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केल्यास पालकाला २५ हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पालकांनी हे कानाआड करू नये.

इटलीतील बोल्झानो शहरात १९८९ पासून एक साधी पद्धत आहे. शाळा भरताना आणि सुटताना थोडा वेळ शाळेसमोरचा रस्ता मोटारींना बंद. आता लंडनमध्ये अशा शेकडो शाळा आहेत. आमची सूचना अशी की, महिन्यातील एका शनिवारी, सकाळची शाळा असते तेव्हा, फाटकासमोरची गल्ली भरण्यापूर्वी आणि सुटल्यावर अर्धा-अर्धा तास बंद ठेवावी. मोटार वाहन कायद्याच्या ११५ व्या कलमानुसार वाहनांवर असे निर्बंध घालण्याचा अधिकार शासनाला व त्याने नेमलेल्या अधिकाऱ्यांना आहे, त्यामुळे पोलीस आणि महापालिका यांच्याकडे रीतसर अर्ज करावा लागेल. रुग्णवाहिका, गल्लीतील रहिवासी आणि चालता न येणारे विद्यार्थी यांना अर्थातच मोकळीक हवी. बसने येणाऱ्या मुलींना जून २०२३ पासून ‘शक्ती’ योजनेत तिकीट लागत नाही, तो खर्चाचा प्रश्नही नाही.

नववीच्या मुलांनी त्याआधीचे दोन शनिवार फाटकापाशी उभे राहून गाड्या मोजाव्यात, दुचाकी किती, चारचाकी किती, आणि त्यांतल्या किती इंजिन चालू ठेवून थांबल्या. तो तक्ता अर्जाला जोडून विश्वस्त मंडळाच्या पुढील बैठकीत ठेवता येईल.