रायफलचा धक्का अडवू नका

पॅरिस ऑलिंपिकमध्ये २०२४ साली कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसाळेने ज्या रायफल प्रकारात कांस्यपदक जिंकलं, त्यातली .२२ ची गोळी जेमतेम २.६ ग्रॅमची. रायफल जड, गोळी हलकी; त्यामुळे खांद्याला धक्का जवळपास लागतच नाही. आफ्रिकेत केप बफेलोच्या शिकारीला वापरतात ती .३७५ एच अँड एच मॅग्नम १९.४ ग्रॅमची गोळी सेकंदाला सुमारे ७७० मीटर वेगाने सोडते आणि चार किलोची रायफल सेकंदाला पाच मीटरच्या आसपास वेगाने मागे येते. .४५८ विंचेस्टर मॅग्नम त्याहूनही जबर. अशी रायफल झिरो करताना, म्हणजे स्कोपचा नेम आणि गोळीचा मारा जुळवताना, ती कशावर टेकवायची याविषयी चुकीच्या समजुती फार आहेत.

सर्वात नुकसान करणारी समजूत अशी, की रायफल जितकी घट्ट जखडाल तितकी ती अचूक चालेल. म्हणून काहीजण धक्का खाणाऱ्या लोखंडी स्लेडवर शिशाच्या छऱ्यांच्या पिशव्या लादत जातात. खांदा वाचतो, पण जोर नाहीसा होत नाही. मागे सरकायला वाव नसला की तो सगळा दस्त्यावर येतो, आणि मुठीपाशी, जिथे लाकूड सर्वात बारीक असतं, तिथे दस्ता चिरतो. थोडं वजन ठेवायला हरकत नाही. रायफल सरकली मात्र पाहिजे. गोळी नळीबाहेर पडेपर्यंत रायफल फक्त तीन-एक मिलिमीटर मागे आलेली असते, बाकीचा धक्का नंतरचा. अचूकतेसाठी ते तीन मिलिमीटर दर वेळी सारखे हवेत, इतकंच.

तेव्हा रेस्ट, म्हणजे रायफल टेकवायचा आधार, निवडताना पाहायचं ते असं: पुढचा स्टँड जड हवा, रुंद पायांचा, आणि त्यावर वाळू भरलेली चामड्याची पिशवी. मागे दस्त्याखाली दुसरी पिशवी. ती हाताने दाबून उंची कमी-जास्त करता येते. ‘नळी टेकवली तरी चालतं’ हे साफ चूक. टेकलेल्या नळीची थरथर बदलते आणि मारा सरकतो. पिशवीवर दस्त्याचा पुढचा भागच यायला हवा, आणि पट्ट्याची कडी पिशवीच्या बरीच पुढे राहील हे बघायचं, नाहीतर मागे येताना ती पिशवीत अडकते.

रायफल जखडावी की सरकू द्यावी, हा प्रश्न दुनळी रायफलीने तर कायमचा सोडवून दाखवला आहे. तिच्या दोन नळ्या समांतर नसतात, पुढे किंचित जवळ येतात. कारण उजवी नळी उडाली की रायफल वर आणि उजवीकडे फेकली जाते, डावी उडाली की डावीकडे. कारागीर हा झटका धरूनच नळ्या जुळवतात. अशी रायफल कडक आधारावर दाबून धरली की दोन्ही नळ्यांचे मारे फाकतात. तिचा पुढचा भाग मुठीत धरायचा आणि पिशवीवर मूठ टेकवायची.

बसून, टेबलावर वाकून नेम धरला की सर्वात स्थिर, असंही मानलं जातं. .२२ ला ते खरं आहे. जबर धक्क्याच्या रायफलीला वाकलेलं शरीर मागे झुलूच शकत नाही, आणि डोळा स्कोपच्या फार जवळ जातो. भुवई फुटते ती अशीच. आधार उंच घ्यावा, पाठ सरळ ठेवावी, शक्य तर उभ्यानेच झाडावी. खांदा आणि दस्ता यांच्यामध्ये वाळूची छोटी पिशवी ठेवली तर उत्तम.

नळीच्या तोंडाशी वायू बाजूला वळवणारा मझल ब्रेक लावला की रेस्टची काळजी मिटली, असं नाही. धक्का घटतो, आवाज मात्र बाजूला आणि मागे जास्त येतो. नेमबाज दचकायला लागतो त्यात आवाजाचा वाटा मोठा असतो, म्हणून कानात बोळे आणि वर इअरमफ, दोन्ही हवेत.

भरपूर गोळ्या झाडल्या की झिरो पक्का होतो, हेही या रायफलींना लागू नाही. थकलेला खांदा चाप ओढण्याआधीच आक्रसतो. आधी नळीतून बघून स्कोप ढोबळ जुळवावा, पहिली गोळी २५ यार्डांवर झाडावी, मग १०० वर जावं आणि तीन-तीन गोळ्यांनंतर थांबावं. शिकारीत रायफल बहुधा तीन काठ्यांच्या आधारावर, उभ्यानेच चालते. तिथे मारा टेबलापेक्षा वेगळा पडू शकतो, म्हणून शेवटच्या गोळ्या काठ्यांवरूनच झाडून पाहाव्या आणि स्कोपची शेवटची फिरकी त्यांवरून ठरवावी.