दोऱ्याने मोजलेले अंतर

दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्को किती दूर, याचे उत्तर पृथ्वीगोलावर दोरा ताणला की मिळते : सुमारे १२,४०० किलोमीटर. ताशी ९०० किलोमीटरचा वेग धरला तर पावणेचौदा तास. हा दोरा हिमालय आणि तिबेट ओलांडून सैबेरियावर, तेथून आर्क्टिक महासागरावर जातो. प्रवासी विमान मात्र त्या रेषेने जात नाही. केबिनमधील हवेचा दाब अचानक गेला तर विमानाला दहा हजार फुटांपर्यंत खाली यावे लागते. तिबेटचे पठार त्याहूनही उंच आहे. त्यामुळे पर्वताला डावीकडून तरी वळसा घालायचा, नाहीतर उजवीकडून. डावीकडे पहिलेच आकाश पाकिस्तानचे.

उजवीकडची वाट लांबची, तरी कधी कधी लवकर पोहोचवणारी. ऑक्टोबर २०१६ मध्ये एअर इंडियाने याच दोन शहरांमधील विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून नेले. अंतर सुमारे १,४०० किलोमीटरने वाढून १५,३०० झाले आणि वेळ जवळपास दोन तासांनी घटून साडेचौदा तासांवर आली. पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा जोराचा वारा पाठीशी होता, एवढेच त्याचे रहस्य. परत येताना तोच वारा तोंडावर येतो. म्हणूनच परतीला डावीकडची वाट मोलाची ठरते, आणि नेमकी तीच शेजाऱ्याच्या मर्जीवर अवलंबून आहे.

बालाकोटनंतर, फेब्रुवारी ते जुलै २०१९ या काळात पाकिस्तानने आपले आकाश मिटून घेतले. त्या जुलैच्या प्रारंभापर्यंत एकट्या एअर इंडियाला ४९१ कोटी रुपयांचा फटका बसल्याचे हरदीपसिंग पुरी यांनी राज्यसभेत सांगितले होते. पहलगामच्या हल्ल्यानंतर, एप्रिल २०२५ मध्ये, ते पुन्हा मिटले. भारतानेही आपले आकाश त्यांच्या विमानांना बंद केले. मग महिन्यामागून महिना मुदतवाढ होत राहिली. उत्तर अमेरिकेच्या काही विमानांना व्हिएन्नात उतरून इंधन भरावे लागले. ताश्कंद आणि अल्माटी ही तर जवळची शहरे. पण तेथील भारतीय विमानसेवाच स्थगित झाली, कारण त्या विमानांच्या पल्ल्यात वळसा मावत नव्हता.

सरकारांनी एकमेकांना इशारे द्यावेत, त्याला कारणे असतात. त्याविषयी माझी तक्रार नाही. पण त्या इशाऱ्यांची किंमत कोण चुकवते, हे मी त्याच वर्षी सॅन फ्रान्सिस्कोहून परतताना पाहिले. विमान पॅसिफिकवरून, वाऱ्याच्या विरुद्ध आले आणि इंधनासाठी कोलकात्याला उतरले. मुलांकडे राहून परतणारे अनेक वृद्ध त्यात होते. शेजारच्या आजींनी घड्याळ भारतीय वेळेवर लावले, भारतात पोहोचल्याचे मुलाला फोनवर कळवले आणि पट्टा पुन्हा बांधला. दिल्ली अजून सव्वादोन तासांवर होती.