पोरींचा संघ तालुक्याला का जात नाही?

पुढच्या बैठकीत बचत गोळा झाली, हप्त्यांचा हिशेब झाला, की गटात एक प्रश्न विचारून पाहा. आपल्या शाळेतून यंदा मुलींचा कबड्डीचा किंवा खो-खोचा संघ तालुक्याला गेला का? आम्ही नागपूर जिल्ह्यातल्या गटांमध्ये हे विचारतो, तेव्हा आधी सगळ्या गप्प होतात. मग कुणीतरी म्हणते, "आमच्या वेळी जात होता जी. आताचं नाही माहीत." काटोल, उमरेड, सावनेर, रामटेक अशा तालुक्याच्या गावांत आता मुलांच्या क्रिकेटच्या टेनिस बॉल स्पर्धा धूमधडाक्यात होतात, बक्षिसाचे फलक चौकात लागतात. शाळेच्या स्पर्धा मात्र कधी झाल्या आणि कधी संपल्या, हे आईबापांना कळतही नाही.

आज याच विषयावर बोलू. आधी या स्पर्धा चालतात कशा ते पाहू, मग त्या आपल्या गावातून का आटत चालल्या आहेत ते पाहू, आणि शेवटी आपल्या हातात काय आहे ते.

शालेय क्रीडा स्पर्धा राज्याच्या क्रीडा व युवक सेवा संचालनालयातर्फे होतात. जिल्ह्यात हे काम जिल्हा क्रीडा अधिकारी पाहतात. १४, १७ आणि १९ वर्षांखालील असे तीन वयोगट असतात. शाळेचा संघ तालुक्याला जिंकला की जिल्ह्याला जातो, तिथून विभागाला, मग राज्याला. आपल्या नागपूर विभागात सहा जिल्हे येतात : नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली. नागपूर शहर, म्हणजे महानगरपालिकेचा भाग, वेगळा धरतात आणि ग्रामीण जिल्हा वेगळा. म्हणजे जिल्ह्याच्या पायरीपर्यंत आपल्या मुलींना शहरातल्या मोठ्या शाळांशी भिडावे लागत नाही. ही चांगली सोय आहे. पण पहिल्या पायरीवर कुणी पायच ठेवला नाही, तर पुढच्या पायऱ्यांचा काय उपयोग?

आता कारणे पाहू. पहिले कारण साध्या बेरजेचे आहे. खो-खोला मैदानात ९ जणी लागतात, राखीव धरून १२. कबड्डीला मैदानात ७ लागतात. गावातली निम्मी मुले सकाळी व्हॅनमध्ये बसून तालुक्याच्या इंग्रजी शाळेत जातात. गावच्या शाळेत एका वयोगटाच्या मुली उरतात पंधरा-वीस. त्यातल्या दोघींना बरे नाही, तिघींच्या घरून परवानगी नाही, चौघी खेळायला लाजतात. झाला संघ अपुरा. आणि ज्या शाळेत मुले गेली, तिथे पटसंख्या भरपूर, पण पुष्कळदा मैदान एवढेसेच.

दुसरे कारण शिक्षकांचे. शिक्षण हक्क कायदा २००९ चा. त्यात सहावी ते आठवीच्या वर्गांत १०० पेक्षा जास्त मुले असतील, तर शारीरिक शिक्षणासाठी अर्धवेळ निदेशक द्यावा असे म्हटले आहे. वाचायला छान आहे. पण आपल्या खेड्यातल्या किती शाळांत त्या तीन वर्गांत मिळून १०० मुले भरतात? जिथे भरत नाहीत, तिथे गणिताच्या किंवा भाषेच्या गुरुजींनीच शिट्टी वाजवायची. त्यांच्यामागे माहिती भरणे, निवडणुकीची कामे, सर्वेक्षणे लागलेली. मग वेळापत्रकात 'खेळ' लिहिलेल्या तासाला कधी गणित होते, कधी नुसता कागद भरला जातो.

तिसरे कारण कोरोनाचे. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि त्यानंतर जवळजवळ दोन वर्षे या स्पर्धा थांबल्या. दोनच वर्षे, असे आपल्याला वाटेल. पण खो-खो काही पुस्तकातून शिकता येत नाही. दहावीची पोरगी आठवीच्या पोरीला खांबाला वळसा कसा घ्यायचा ते दाखवते, आठवीची सहावीच्या पोरीला. ही साखळी मधेच तुटली. २०२० साली सहावीत असलेली मुलगी शाळा सुरू झाली तेव्हा आठवीत पोहोचली होती, आणि तिने एकही सामना पाहिला नव्हता. ती धाकट्या मुलींना काय दाखवणार? जिथे खेळाचे शिक्षक होते, तिथे गाडी पुन्हा रुळावर आली. जिथे नव्हते, तिथे ती अजून तिथेच उभी आहे.

चौथे कारण आपल्या घरातले आहे, म्हणून त्यावर थोडे जास्त बोलू. या स्पर्धा साधारण ऑगस्टपासून दिवाळीच्या पुढेमागे होतात. आपल्याकडे तेव्हा काय चालू असते? सोयाबीन कापणीला येते. पाठोपाठ कापूस वेचणी. मजूर मिळत नाही, मिळाला तर परवडत नाही. आई पहाटे शेतात जाते आणि स्वयंपाक, धाकटे भावंड, पाणी हे सगळे आठवी-नववीच्या मुलीवर येते. त्याच दिवशी तिचा सामना असतो. मुलगा असेल तर जातो, मुलगी राहते. कुणी तिला "खेळू नकोस" म्हणत नाही. तिला फक्त सवड दिली जात नाही.

त्यात तिचे वय अडनिडे. पाळी सुरू झालेली असते, मैदानाजवळ धड शौचालय नसते, चड्डी घालून खेळायचे म्हटले की गावाच्या नजरा. संघासोबत फक्त सर जाणार असतील, तर आईचे मन धजत नाही. आणि ती काळजी चुकीची नाही. नरखेडसारख्या टोकाच्या तालुक्यातून नागपूरला सामना असला, तर परत यायला रात्र होते.

यावर काही बाया आम्हाला विचारतात, "खेळून पोरगी काय कमावणार जी?" प्रश्न खरा आहे, म्हणून उत्तरही सरळ देऊ.

आपल्या गावागावांत मुली पोलीस भरतीची तयारी करतात. पहाटे पाच वाजता डांबरी रस्त्यावर धावणाऱ्या पोरी तुम्हीही पाहिल्या असतील. पोलीस शिपाई भरतीत मैदानी चाचणीला ५० गुण असतात. मुलींना ८०० मीटर धावणे, १०० मीटर धावणे आणि गोळाफेक करावी लागते. जी मुलगी सातवीत शेवटची धावली आणि एकदम अठराव्या वर्षी रस्त्यावर उतरली, तिचे गुडघे दुखतात, दम लागतो, रक्त कमी असले तर चक्कर येते. मग अकादमीची फी भरायला आपणच गटातून कर्ज काढतो. शाळेच्या मैदानावर जे फुकट मिळत होते, ते पुढे असे पैसे मोजून घ्यावे लागते.

सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. दहावी-बारावीला खेळाचे सवलतीचे गुण आहेत. मात्र नीट समजून घ्या : नोकरीच्या आरक्षणासाठी तालुक्याचे प्रमाणपत्र पुरत नाही. वरच्या पातळीवरचे यश लागते आणि प्रमाणपत्राची पडताळणीही होते. म्हणून पैसे घेऊन प्रमाणपत्र देतो म्हणणाऱ्यांच्या नादी लागू नका.

साताऱ्याच्या माण तालुक्यातल्या मोही गावची ललिता बाबर शेतकऱ्याच्याच घरची. तो भागही दुष्काळी. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ती ३००० मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली, आणि पुढे खेळाडू म्हणून तिला उपजिल्हाधिकारी पद मिळाले. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. तो भारताच्या मुलींनी जिंकला, आणि कर्णधार होती महाराष्ट्राची प्रियंका इंगळे. सगळ्याच मुली तिथवर जाणार नाहीत, हे आपल्याला ठाऊक आहे. पण जी मुलगी संघातून चार गावे पाहून येते, हरून परत येते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मैदानात उतरते, ती उद्या बँकेत मॅनेजरसमोर मान वर करून बोलते. गटात आल्यावर आपण जे धाडस तिशीत शिकलो, ते तिला तेराव्या वर्षी मिळते.

आता आपल्या हातात काय आहे ते पाहू.

पहिली गोष्ट, शाळा व्यवस्थापन समिती. कायद्याने या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला असाव्या लागतात. म्हणजे आपल्या गटातली कुणी ना कुणी तिथे असतेच. तिने नुसती सही करून येऊ नये. समग्र शिक्षा योजनेत सरकारी शाळांना दरवर्षी खेळाच्या साहित्यासाठी अनुदान धरलेले आहे : प्राथमिकला ५ हजार, उच्च प्राथमिकला १० हजार, माध्यमिकला २५ हजारांपर्यंत. यंदा किती आले, काय घेतले, आणि ते साहित्य कपाटात आहे की मुलींच्या हातात, हे विचारावे. भांडायला नको, प्रेमाने विचारावे. गुरुजींनाही कुणी विचारणारे असले की बरे वाटते.

दुसरी गोष्ट, मैदान. ग्रामसभेच्या आधी महिला सभा होते. शाळेच्या मैदानावर लग्नाचे मांडव, ट्रॅक्टर, उकिरडा, अतिक्रमण असेल, तर तो विषय तिथे मांडून ठरावात लिहून घ्यावा. खो-खोला दोन खांब आणि सपाट माती लागते, कबड्डीला तर तेवढेही नको. मोठ्या स्टेडियमची वाट पाहत बसायची गरज नाही.

तिसरी गोष्ट, सोबत. संघाबरोबर बाई शिक्षिका नसेल, तर गटातल्या दोघींनी जावे. एसटीत महिलांना आणि मुलींना मार्च २०२३ पासून अर्धे तिकीट आहे, त्यामुळे खर्चही आवाक्यात राहतो. सोबत पाणी, शेंगदाणा-गुळाचे लाडू आणि दोन-चार पॅड ठेवावेत.

चौथी गोष्ट सगळ्यांत सोपी आणि सगळ्यांत अवघड : सामन्याच्या दिवसाची सवड. शेतात आपण एकमेकींच्या कामाला जातोच ना? तसेच इथे करावे. ज्या दिवशी जिचा सामना, त्या दिवशी तिच्या घरचे पाणी आणि धाकटे भावंड शेजारणीने सांभाळायचे. हे बैठकीच्या वहीत नावानिशी लिहून ठेवावे, म्हणजे ऐनवेळी विसर पडत नाही.

आणि एका शाळेचा संघ भरत नसेल, तर धावणे, लांब उडी, गोळाफेक आहेच. त्याला संघ लागत नाही, एक मुलगीही पुरते. शाळेत जाऊन विचारा, यंदा तालुक्याच्या स्पर्धा कधी आहेत आणि नावे कोणत्या तारखेपर्यंत द्यायची. तारीख वहीत लिहा. या महिन्यात एवढे एकच काम केले, तरी पुरे.